सांगलीत ब्रूपब निघालं तर टॅपवर कोणत्या बिअर ठेवाव्यात?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ आणि त्याचे दोन मित्र सांगली-मिरज रस्त्याच्या आसपास ब्रूपब (जिथे बिअर तिथेच बनवून विकतात ते ठिकाण) काढताहेत. जागा जवळपास ठरली आहे, परवान्याची धावपळ चालू आहे, ५०० लिटरच्या भांड्यांचं कोटेशन हातात आलंय. अडलंय ते एकाच गोष्टीवर. टॅप किती ठेवायचे आणि त्यांवर काय लावायचं?

भावाला बारा टॅप हवेत. भिंतीवर बारा चकचकीत नळ दिसले की गिऱ्हाइकावर छाप पडते, असं त्याचं म्हणणं. मला ते अजिबात पटत नाही. पुण्यात एका ठिकाणी (नाव घेत नाही) मी अशीच बारा टॅपची भिंत बघितली होती. गव्हाची मागितली, तर संपलेली. दुसरी मागितली ती पुढच्या आठवड्यात येणार होती. मग आयपीए घेतली, म्हणजे हॉप्सची (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची) कडवट बिअर. तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव होती, हॉप्सचा वास नावालाही नाही. महिनोन्‌महिने टाकीत पडून असणार. बारापैकी धड किती निघाल्या असत्या कोण जाणे, मी तिथे परत गेलोच नाही.

म्हणून माझं मत: सहा टॅप, पण प्रत्येक ग्लास ताजा. कच्ची यादी अशी:

हेफेवायझन (जर्मन पद्धतीची गव्हाची), बेल्जियन विट (तीही गव्हाची), साधी लागर (थंडाव्यात आंबवून मुरवलेली सोनेरी), आयपीए, स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी), आणि सहावा टॅप हंगामाप्रमाणे बदलता.

लक्षात घ्यायच्या दोन गोष्टी. एक, आपला एप्रिल-मे. दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात. दुसरी, आपलं खाणं. इथे बिअरबरोबर पिझ्झा चालेल, पण खरं चालणार तांबडा-पांढरा, सुकं मटण, आख्खा मसूर आणि भडंग. जे टॅपवर येईल ते या ताटाशेजारी बसलं पाहिजे.

जाणकारांनी मनापासून लिहा. भाऊ धागा वाचतोय.

विश्रामबागकर

चांगला विषय काढलास. पण यादीत स्ट्राँग कुठे आहे? आपल्या भागात दुकानात जाऊन बघ, माईल्ड मागणारा दहात एखादा. पाच टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेली ती स्ट्राँग, आणि आठ टक्के ही वरची मर्यादा. सांगलीचा गडी ती पिऊन मोठा झालाय. त्याच्या हातात साडेचार टक्क्यांची केळ्याच्या वासाची गढूळ हेफेवायझन दिलीस तर तो एकदाच येईल.

लागर मात्र हवीच. त्यावर तडजोड नको.

टाकीवाला

मी मूळचा मिरजेचा, गेली काही वर्षं पुण्यात ब्रूइंगमध्ये काम करतो. पुण्यात २००९ साली डुलालीनं सुरुवात केली तेव्हा ताजी बिअर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागायचं, आज लोक स्वतःहून विचारतात की ही बॅच कधीची. सांगलीलाही ते वळण लागेल, पण पहिल्या सहा महिन्यांत शिळी बिअर पाजली तर नाही लागणार. त्यामुळे कृष्णाकाठच्या मूळ मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. आता आकड्यांत बघू.

समजा सोमवार ते गुरुवार रोज ५० लिटर खपली आणि शुक्रवार ते रविवार रोज १४०. आठवड्याचे झाले साधारण ६०० लिटर. नव्या जागेला हा खप वाईट नाही. बारा टॅप, प्रत्येकामागे ५०० लिटरची टाकी, म्हणजे ६,००० लिटर माल. तो संपायला दहा आठवडे. सहा टॅप असतील तर पाच आठवडे.

ही झाली सरासरी. प्रत्यक्षात खप सारखा वाटला जात नाही. दोन बिअर निम्मा खप खातात, त्यांची टाकी तीन-साडेतीन आठवड्यांत संपते. उरलेल्या चार जणी आठवड्याला ७५ लिटरच्या चालीनं जातात, म्हणजे एकेक टाकी जवळजवळ सात आठवडे चालते. आयपीएचा हॉप्सचा वास चार-सहा आठवड्यांत उतरतो. कृष्णाकाठला पुठ्ठा का लागला ते यातून समजेल. तो पुठ्ठा म्हणजे हवा लागलेली, जुनी झालेली बिअर.

म्हणून स्टाइल निवडताना मी आधी दोन प्रश्न विचारतो. ही टाकी किती दिवस अडवणार? आणि ही हळू खपली तर टिकणार का?

गव्हाची बिअर १८ ते २२ अंशांवर आंबते आणि बारा-चौदा दिवसांत ग्लासात येते. ताजीच चांगली लागते आणि संपतेही लवकर. लागरचं यीस्ट वेगळं, त्याला ८ ते १२ अंश लागतात, आणि नंतर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे निवांत मुरवावी लागते. सहा आठवडे धरा. वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे एका टाकीतून लागरच्या आठ-नऊ बॅच, तर गव्हाच्या पंचवीस. शिवाय मे महिन्यात टाकी शून्यावर ठेवायचं वीजबिल. लागर वाईट नाही, मला स्वतःला सगळ्यात आवडते, पण छोट्या जागेत ती सगळ्यात महाग पडते.

स्टाउट हळू खपते, पण टिकते. भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) चव हॉप्सच्या वासासारखी चार-सहा आठवड्यांत उडून जात नाही. त्यामुळे तिला एक टॅप द्यायला मला भीती वाटत नाही. आयपीए ठेवा, पण अर्धी बॅच करा. संपली तर संपली. फळ्यावरून नाव पुसा आणि पुढची कधी येणार ते लिहा.

आणि टॅप वाढवताना एक गोष्ट कोणी मोजत नाही: प्रत्येक लाइन (टाकीपासून टॅपपर्यंतची नळी) दर पंधरा दिवसांनी कॉस्टिक सोड्यानं धुवावी लागते. न धुतलेल्या लाइनमधून चांगली बिअरसुद्धा आंबूस, लोण्यासारखी होऊन बाहेर येते. बारा लाइन म्हणजे बारा वेळा ते काम, आणि जो माणूस ते करणार आहे तोच ब्रू करणार आहे.

ऱ्हाइनकाठी

मी नोकरीनिमित्त सात वर्षं कोलोनमध्ये आहे, घर सांगलीत गावभागात. टाकीवाल्यांनी लागरची अडचण सांगितली, तिच्यावर इथल्या लोकांनी फार पूर्वी उत्तर काढलंय. कोल्श.

कोल्श दिसायला लागरसारखी, सोनेरी आणि आरपार स्वच्छ. पण आंबते एलच्या (लागरपेक्षा उबेत आंबणाऱ्या बिअरच्या) यीस्टवर, जरा थंडाव्यात, आणि मग काही दिवस गारठ्यात ठेवतात. तीन-चार आठवड्यांत तयार. साधारण पावणेपाच-पाच टक्के. कडवटपणा बेताचा, मागे पुसटसा फळाचा गोडवा. इथे ती २०० मिलीच्या सरळ, बारीक ग्लासात देतात. ग्लास संपला की वाढपी न विचारता दुसरा ठेवतो, थांबायचं असेल तर कागदी चकती ग्लासावर ठेवायची. सांगलीच्या उन्हाळ्याला ही पद्धत फार चांगली. अर्ध्या लिटरचा मग टेबलावर दहा मिनिटांत कोमट होतो, २०० मिली शेवटच्या घोटापर्यंत गार राहते.

फक्त फळ्यावर ‘कोल्श’ असं ठोकून लिहू नका. ते नाव युरोपात कोलोन परिसरापुरतं राखीव आहे. ‘कोल्श पद्धतीची’ लिहा, नाहीतर स्वतःचं नाव द्या.

विश्रामबागकर

दिसायला लागरसारखी म्हणजे लागर नव्हे. मी खरी लागर, म्हणजे पिल्सनर, प्यायलोय, चेकियात. तो कोरडा, स्वच्छ कडवटपणा आणि वर घट्ट पांढरा फेस. पिल्झनला ती पहिल्यांदा १८४२ साली निघाली, म्हणजे सांगलीत पहिलं मराठी नाटक उभं राहिलं त्याच्या एकच वर्ष आधी. पावणेदोनशेहून जास्त वर्षं जी बिअर जगभर प्यायली जाते, तिला आपल्या गावात जागा नाही असं मला कोणी सांगू नये.

टाकीवाला

जागा नाही असं मी म्हटलेलं नाही, विश्रामबागकर. बारा महिने नको, एवढंच. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे रात्री चांगल्या गार असतात, चिलरवर ताण कमी पडतो आणि खपही जरा उतरलेला असतो. तेव्हा एक टाकी पिल्सनरला द्यायची आणि फेब्रुवारीत, ऊन तापायला लागलं की, लावायची. ‘यंदाची पिल्सनर आली’ हे लोक लक्षात ठेवतील.

आता पाण्याबद्दल, कारण पिल्सनरचा विषय पाण्याशिवाय पुरा होत नाही. पिल्झनचं पाणी अतिशय मऊ, जवळपास क्षार नसलेलं, म्हणून तो कडवटपणा इतका स्वच्छ. इंग्लंडातल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून तिथली पेल एल आणि आयपीए नावाजली. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त, आणि भाजलेल्या माल्टचा आंबटपणा त्याला तोलून धरतो, म्हणून तिथे स्टाउट. त्या त्या गावानं आपल्या पाण्याला जे साधेल ते केलं.

आपल्याकडे कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीतलं बोअरचं पाणी जड. क्षारपड पट्ट्यात तर विचारायलाच नको, चहासुद्धा बिघडतो. त्यामुळे आरओ लागणारच. आरओनं पाणी कोरं करायचं आणि मग बिअरप्रमाणे जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड मोजून घालायचं. नळाचं पाणी घेणार असाल तर आधी कार्बन फिल्टर, नाहीतर क्लोरीनमुळे बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. या खर्चात काटकसर करू नका, एखादा टॅप कमी करा हवं तर.

सतारीची_गल्ली

मी मिरजेची. नवऱ्याबरोबर आणि मैत्रिणींबरोबरही अशा ठिकाणी जाते, म्हणून लिहिते. सहा टॅपची सगळी चर्चा पिणाऱ्यांची चाललीय. आमच्या टेबलावर पाच जण असले तर एक जण गाडी चालवणारा असतो, एखादी मुळीच न पिणारी असते. तिच्यासमोर प्लास्टिकच्या बाटलीतलं कोल्ड्रिंक ठेवायचं आणि बाकीच्यांना सुंदर ग्लास? सहातला एक टॅप बिनअल्कोहोलचा ठेवा. आल्याची सोडा, ताजं आलं, गूळ आणि लिंबू घालून. किंवा कोकमाची. त्याच ग्लासात, तेवढ्याच प्रेमानं.

बिअरसाठी आपल्याकडे २१ वर्षांची अट आहे. कॉलेजची मुलं घोळक्यानं येतील, त्यांतल्या काहींना तुम्हाला नाही म्हणावं लागेल. त्यांना द्यायलाही काहीतरी हातात असू द्या.

आणि १०० मिलीचे चार छोटे ग्लास एका फळीवर मिळाले पाहिजेत. मला विट आवडते हे मला अशाच फळीमुळे कळलं. पूर्ण ग्लास मागवायची हिंमत झाली नसती.

कृष्णाकाठ

बिनअल्कोहोलचा टॅप मी डोक्यातच घेतला नव्हता. सतारीची_गल्ली, तुमचा मुद्दा भावाला जसाच्या तसा पाठवला. त्याचं उत्तर आलं, "हा पक्का."

स्ट्राँगवर कोणी बोलेल का? विश्रामबागकरांचं म्हणणं मला टाळता येत नाहीये.

आदण

मी बोलतो. आमचं गुऱ्हाळ आहे, शिराळ्याकडे. पुण्यातल्या एका ब्रूअरला गेली तीन वर्षं गूळ देतोय, तिथलं बघून बघून थोडं शिकलो.

बाटलीतल्या स्ट्राँगला चव नसते असं नाही, पण लोक ती चवीसाठी घेत नाहीत. तुमच्याकडे तीच नक्कल केली तर बाटलीपेक्षा महाग पडणार, मग माणूस तुमच्याकडे का येईल? त्यापेक्षा बेल्जियन पद्धतीची गडद, साडेसहा-सात टक्क्यांची करा, आणि त्यात साखरेच्या जागी आपला गूळ घाला. बेल्जियमवाले त्यांच्या डबेल नावाच्या गडद बिअरमध्ये बीटाच्या साखरेचा काळपट पाक घालतात, कारण साखर जवळजवळ सगळी आंबते. त्यामुळे अल्कोहोल वाढतं, पण बिअर जड, चिकट होत नाही. गूळही तेच करतो, वर काकवीचा वास मागे ठेवतो.

पण गूळ बघून घ्या. पिवळाधमक, आकर्षक दिसणारा नको. तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस पावडर मारून आणलेला असतो, आणि त्यातला गंधक बिअरमध्ये उतरतो. बिनकेमिकलचा, भेंडीचं पाणी घालून मळी काढलेला, गडद चॉकलेटी गूळ घ्या. काहिलीत शेवटी शेवटी जो करपट-गोड वास सुटतो, तो त्या बिअरच्या शेवटच्या घोटाला येतो. मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मला आमच्या चुलवाणाजवळची पहाट आठवली. खरं सांगतो, गळा दाटून आला. आमचा माल कुठवर जाऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

ही बिअर छोट्या ग्लासात द्या. सात टक्के आहे हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

विश्रामबागकर

हे मला मान्य. गुळाची गडद असेल तर स्ट्राँगचा आग्रह सोडतो. पिल्सनरचा नाही.

हरिपूर_संगम

सांगली म्हटल्यावर हळद आलीच पाहिजे. देशभर नाव आहे आपल्या हळदीचं, २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. हळदीची बिअर टॅपवर हवी. बाहेरगावचा माणूस तीच मागणार.

टाकीवाला

मी करून बघितली आहे, दोनदा, घरी २० लिटरच्या भांड्यात. हळदीचं कुरकुमिन पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. पावडर तळाशी बसते, रंग हवा तेवढा येत नाही आणि चव मातकट, कडसर होते. रबरी नळ्या मात्र कायमच्या पिवळ्या झाल्या. दुसऱ्या वेळी ओली हळद किसून, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत, काळी मिरी आणि धन्याबरोबर विटमध्ये घातली. ती बरी लागली. ओल्या हळदीला आंब्याच्या कोयीसारखा जो ताजा वास असतो तो थोडा उतरला.

त्यामुळे माझं मत: जानेवारी-फेब्रुवारीत ओली हळद निघते तेव्हा एक केग (बिअरचं पिंप). बारा महिने नको. गावाचा अभिमान वाटतो म्हणून टॅप अडवायचा नाही, दुसऱ्यांदा मागितली गेली तरच ठेवायची.

तासगाव_बेदाणा

मग बेदाणा का नको? मी बागायतदार आहे. डबेलबद्दल वाचलं तर सगळीकडे ‘मनुकांसारखी चव’ असंच लिहिलेलं. ती चव म्हणे गडद माल्टमधून येते. आमच्याकडे खरा बेदाणा पडून आहे.

टाकीवाला

घालता येतो, आणि गुळाच्या त्या गडद बिअरमध्ये फार शोभेल. पण दोन गोष्टी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. बेदाणा करताना द्राक्षं डिपिंग ऑइलमध्ये बुडवून काढतात, तो तेलाचा अंश राहिला तर बिअरचा फेस मरतो. आणि पिवळ्या मालाला गंधकाची धुरी दिलेली असते, ती यीस्टला त्रास देते. म्हणून धुरी न दिलेला, काळपट झालेला माल हवा, गरम पाण्यानं दोनदा धुऊन. भरडून उकळीच्या शेवटी दहा मिनिटं टाकायचा.

तासगाव_बेदाणा

काळपट मालाला बाजारात भाव नाही. तोच तुम्हाला हवा असेल तर आमची सोय झाली. कृष्णाकाठ, व्यक्तिगत निरोप केलाय.

ऱ्हाइनकाठी

खाण्याबरोबर काय जुळतं याकडे कोणी वळलं नाही, म्हणून मी लिहितो. सुट्टीत आलो की दर वेळी हा प्रयोग करतो, बाटल्या बॅगेत घालून आणतो.

तांबड्या रश्श्याबरोबर आयपीए देऊ नका. हॉप्सचा कडवटपणा आणि मिरचीचा जाळ एकमेकांना चढवतात. दोन घोटांनंतर ना रस्सा कळतो ना बिअर. माझ्या काकांनी तर ग्लास बाजूला सारून ताक मागितलं. त्याच रश्श्याबरोबर हेफेवायझन ठेवून बघा. गव्हाचा मऊपणा तोंडावर साय धरल्यासारखा बसतो, केळ्या-लवंगेचा वास मसाल्यातल्या लवंगेला जाऊन मिळतो. त्यात केळं किंवा लवंग काही घातलेलं नसतं बरं का, दोन्ही वास यीस्टच तयार करतं. हे वाढप्याला नीट सांगता आलं पाहिजे, कारण प्रत्येक गिऱ्हाईक ‘इसेन्स घातलाय का’ म्हणून विचारणार.

आख्खा मसूर आणि गुळाची गडद, हे जोडपं माझ्या मते सगळ्यात चांगलं ठरेल. पांढऱ्या रश्श्याला कोल्श. भडंगाला मात्र आयपीए चालते, लसूण, शेंगदाणे आणि मीठ तिला पेलतात.

सतारीची_गल्ली

आणि मासे? शुक्रवार-रविवार कोकणातून मासे येतात आपल्याकडे. तळलेल्या बांगड्याबरोबर काहीतरी आंबट हवं. सोलकढीची जागा घेईल असं.

टाकीवाला

गोजे. जर्मनीतली जुनी पद्धत, मूळ गोस्लारची, पुढे लाइपझिगला रुजली. गव्हाची, आंबट, किंचित मीठ आणि धने घातलेली, चार-साडेचार टक्के. हिच्यात कोकम घातलं की आपलीच वाटते. आधी लॅक्टोबॅसिलस घालून ३५-४० अंशांवर एक-दोन दिवस आंबट करून घ्यायची, मग उकळायची, म्हणजे ते जिवाणू तिथेच मरतात आणि बाकीच्या टाक्या सुरक्षित राहतात. हॉप्स त्या उकळीत घालायचे, आधी नाही, कारण हॉप्स या जिवाणूंना वाढू देत नाहीत. कोकम आंबवण सरत आल्यावर. रंग असा येतो की शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून विचारतो.

मार्च ते जून, सहावा टॅप हिला द्या. माझा शब्द.

कृष्णाकाठ

काल रात्री भावाबरोबर बसून सगळा धागा पुन्हा वाचला. माझी यादी बदलली. कायम राहणाऱ्या चार: गव्हाची, कोल्श पद्धतीची, गुळाची गडद आणि आल्याची सोडा. पाचवा टॅप अर्ध्या बॅचच्या आयपीएचा, संपेल तेव्हा स्टाउट, मग पुन्हा आयपीए. सहावा हंगामाचा: उन्हाळ्यात कोकमाची गोजे, थंडीत हळदीचं एक केग, फेब्रुवारीअखेर पिल्सनर.

मला स्वतःला स्टाउट फार आवडते, ती कायम नाही याचं वाईट वाटलं. पण आकडे बघितल्यावर हट्ट धरवेना.

एक प्रश्न उरलाय. हेफेवायझन आणि विट दोन्ही ठेवायच्या की एकच? दोन्ही गव्हाच्या, दोन्ही गढूळ. भाऊ म्हणतो एकच ठेव.

टाकीवाला

एकच. आणि माझा कल विटकडे आहे. हेफेवायझनला निम्म्याहून जास्त माल्ट केलेला गहू लागतो. विटमध्ये कच्चा, माल्ट न केलेला गहू चालतो, सोबत धने आणि संत्र्याची साल. कच्चा गहू म्हणजे आपल्या शेतातला. ऱ्हाइनकाठींची तांबड्या रश्श्याची जोडी थोडी बदलेल, पण मऊपणा तोच राहील, आणि धने तर रश्श्यातही आहेत.

अडचण एवढीच की गव्हाला टरफल नसतं. जास्त गहू घातला की मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं भरड धान्य) गच्च बसतो, रस खाली उतरत नाही. आम्ही भाताचा तूस मिसळतो, म्हणजे वाट मोकळी राहते.

हरिपूर_संगम

टरफल हवंय? मग खपली घ्या की! खपली गव्हाचं टरफल मळणीत सुटत नाही, आम्हाला ती मुद्दाम सडून घ्यावी लागते. न सडलेली टाकली तर तूस वेगळा लागणारच नाही.

टाकीवाला

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. पुण्यात आम्हाला खपली सडलेलीच मिळते, पाकिटातली. टरफलासकट मिळाली तर तीस-चाळीस टक्के विटमध्ये घालून बघायची माझी तयारी आहे. खपलीची खीर ज्यानं खाल्लीय त्याला तिचा वास माहीत आहे, भाजल्यासारखा, थोडा दुधाळ. तो उतरला तर ही बिअर दुसऱ्या कुठल्या गावाची म्हणताच येणार नाही.

कृष्णाकाठ, भांडी यायला वेळ आहे. तोवर माझ्या घरच्या २० लिटरवर एक बॅच काढू. दोन किलो पुरे.

हरिपूर_संगम

दोन काय, पाच किलो देतो. गेल्या हंगामाची आहे, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. चालेल?

टाकीवाला

पाला वेचून, पाखडून द्या. कडुनिंबाचा कण राहिला तर सगळी बॅच कडू होईल.

हरिपूर_संगम

आई पाखडून देईल. भरडायची किती? चक्कीवाला विचारेल.

टाकीवाला

लापशीच्या रव्याएवढी. पीठ होऊ देऊ नका, आणि टरफल शक्यतो अख्खं राहू द्या. रविवारी मिरजेला येतोय, स्टेशनवरून तसाच हरिपूरला येतो.